नर्मदाकाकीकडचा नारळ

"आका, घाई नको. चाक चिमट्यात शिरला की आधी उजव्या अंगाचो बुश, मगे एक्सल. बुश राहवलो तर सगळा परत काढूचा पडतला. आणि हात घसरलो तर तू देवाचा नाव घे. गाळी घालूक मी आसंय."

आवाज बाबलीचाच, पण तो सुगंधाच्या मनातला. बाबली घरात नव्हता. सकाळच्या एसटीने तो रेडीला गेला होता. त्याची थोरली बहीण सुगंधा घरापुढच्या खळ्यात एकटी उकिडवी बसली होती आणि तिच्यासमोर शेणाने सारवलेल्या जमिनीवर मोटारसायकलचं मागचं चाक आडवं पडलं होतं. गाडी मागच्या स्टँडवर उभी होती. तिचं मागचं अंग रिकामं होतं आणि मडगार्डखालून थेट कुंपणाची जास्वंद दिसत होती.

ज्याने चाक काढलं त्याच्याच आवाजावर चाक बसवायचं होतं. दुसऱ्या कुणाचा आवाज तिला या कामात ठाऊकच नव्हता. बाबली गाड्या दुरुस्त करायला लागल्यापासून पलीकडच्या अंगाला हात लावायला तीच असे. तो पाना फिरवी, ती एक्सलचं टोक धरी. तो शिव्या घाली, ती रामनाम म्हणे. वाडीतली माणसं हसत, पण चाक बसत असे.

सुगंधा लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कुंकू पुसून माहेरी आली, तेव्हा बाबली गुडघ्याएवढा होता. आई त्याला तिच्या पदरात टाकून गेली. त्यानंतर सुगंधाने दोनच गोष्टी केल्या, बाबलीला वाढवलं आणि नेम पाळले. तुळशीला प्रदक्षिणा घातल्याशिवाय पाणी नाही. पोथीचा अध्याय झाल्याशिवाय अन्न नाही. सोमवारी उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत मौन. तापाने फणफणली तरी सोमवारी ती खुणेनेच पेज मागायची. वाडीत कुणाला शब्दाची खात्री हवी असली की लोक म्हणत, सुगंधाबाय म्हणता मा, मगे झाला.

त्या खात्रीवरच ही गाडी घरात आली होती.

गाडी वरच्या वाडीतल्या नर्मदाकाकीची. तिचे यजमान हरिश्चंद्र बोटीवर खलाशांचे सारंग होते. लढाईत वापरलेली ही जुनी फटफटी त्यांनी कुठल्याशा लिलावात घेतली आणि सुट्टीवर आले की तिच्यावरूनच गावभर फिरायचे. ते गेले, आणि गाडी मांगरात गवताच्या भाऱ्यांआड गंजत पडली. बाबलीची नजर तिच्यावर गेली. "काकी, मी चालती करून देतंय," म्हणत तो चारदा जाऊन आला. काकी बधेना. पाचव्या खेपेला त्याने सुगंधाला सोबत नेलं.

काकीने पदराला हात पुसत बाबलीकडे नाही, सुगंधाकडे पाहिलं.

"तू म्हणशीत तर देतंय गो. ह्या पोराचा माका काय खरा वाटणा नाय."

"काकी, मी काय परको?" बाबली म्हणाला.

"परको असतस तर बरा होता. परक्याक कानफाटीत तरी मारूक येता." मग आवाज उतरवून ती सुगंधाला म्हणाली, "ह्यांच्या वरसश्राद्धाच्या आधी चालती होवन माझ्या दारात उभी रवाक होयी. इतक्याच. ते येयत तेवा मी चुलीकडे असलंय तरी वळणार गाडयेचो आवाज ऐकाक येय. वरसाच्या दिवशी तो आवाज एकदा खळ्यात होवंदे. मगे गाडी कोणी न्हेवा, माका काय."

सुगंधाने घरून नारळ आणला आणि काकीच्या देवाऱ्यात ठेवला. शेंडी देवाकडे, वर हळदकुंकवाचं बोट. गाडी दारात येईपर्यंत तो तिथेच राहायचा आणि आली की फुटायचा. कागद नको, साक्षीदार नको. काकीने मांगराची कडी काढली.

परतताना बाबली उतारावर गाडी आवरत होता, धापा टाकत हसत होता. "आका, तुझो नारळ म्हणजे सरकारी शिक्को गो!"

तेव्हा तिला ते कौतुक वाटलं होतं.

गाडी चालती झाली. बाबलीच्या हातात गुण होताच. पहिल्यांदा इंजिन धडधडलं तेव्हा कोंबड्या कुंपणावरून उडाल्या आणि सुगंधाने तांब्यातलं पाणी चाकांवर घातलं. "परत कधी न्हेवन देतंस?" असं तिने विचारलं की तो म्हणे, "वरस खंय पळान जाता? जरा फिरांदे." वरस जवळ येत गेलं, तरी तो फिरतच राहिला. वेंगुर्ल्याला, शिरोड्याला, आणि शेवटी रेडीला, जिथे खनिजाचे ट्रक बंदराकडे रांगेने जातात.

आणि काल, सोमवारी, रेडीचा दाजी मुकादम दारात आला.

सुगंधा देवघरात माळ घेऊन बसली होती. पडवीतलं बोलणं तिला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. मुकादमाला गाडी हवी होती. बाबलीला त्याच्या ट्रकवर बसायचं होतं. आधी क्लीनर, पुढे ड्रायव्हर. गाडी द्यायची, जागा घ्यायची. ठरल्यासारखंच झालं होतं. पण मुकादम जुन्या वळणाचा माणूस. तो म्हणाला, "घरात मोठा कोण आसा? तेका विचारल्याबिगर मी वस्तू हलवणंय नाय."

"आका आसा. पण सोमवारी ती बोलणा नाय. मौन."

"मगे उद्या विचारूया."

"तिची ना असती तर तिणा माका आधीच सांगला नसता?"

सुगंधाच्या बोटातला मणी थांबला. तोंड उघडावं तर सोमवार मोडतो, इतक्या वर्षांचा. न उघडावं तर नारळ मोडतो. तिने हात वर केला आणि देवघरातली टांगलेली घंटा वाजवली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. तिची पूजा केव्हाच आटोपली होती. त्या वेळी त्या घरात घंटा कधी वाजत नाही, हे त्या घरातल्या माणसाला ठाऊक होतं.

बाहेर मुकादमाने टोपी काढली. "वा! बोलणा चालू असताना घंटा झाली. देवाचोच होकार म्हणूचो."

"तर!" बाबली म्हणाला.

ती उठून दाराशी आली. मुकादमाकडे पाहून तिने हात हलवला, नको, नको, आणि खळ्यातल्या गाडीकडे बोट केलं, मग वरच्या वाडीकडे. मुकादम गोंधळून बाबलीकडे बघू लागला. बाबलीने बहिणीच्या डोळ्यांत सरळ बघितलं, क्षणभरच, आणि हसून म्हणाला, "आका म्हणता, च्याय घेतल्याशिवाय जावचा नाय."

"आज नको हां बाय," मुकादम हात जोडून म्हणाला, "बुधवारी सकाळी ट्रक घेवन येतंय, तेवा निवांत घेतंय."

लहानपणी बाबलीला बोबडं बोलायची सवय होती. तो काय म्हणतो ते बाहेरच्यांना सुगंधा समजावून सांगायची. पाणी म्हणता हा, भूक लागली म्हणता हा. त्याचा एक शब्द तिने कधी इकडचा तिकडे केला नव्हता.

दिवेलागणीला तुळशीपाशी दिवा ठेवून तिने मौन सोडलं. पहिला शब्द देवाचा असायचा. काल तो बाबलीचा झाला.

"बाबली, बुधवारी काकीकडे वरस आसा. गाडी आज न्हेवन दी."

"आका, मुकादम बुधवारी येतलो. तूच ऐकलंस."

"मी काय म्हणत होतंय ता तुका कळला नाय?"

तो पान्याने उगाच नखं खरवडू लागला. "कळला."

"मगे?"

"मगे काय? जल्मभर ह्या खळ्यात लोकांच्या सायकली उलट्या करीत बसू? तुझे नेम सांभाळीत?" आणि मग तो जे म्हणाला ते त्याने रागात म्हटलं नाही, समजुतीच्या सुरात म्हटलं, म्हणूनच ते तिच्या अंगात रुतून बसलं. "नारळ तू ठेवलंस आका. मी नाय ठेवलंय. माझ्यार काय येणा नाय."

"मी उद्या ढकलीत न्हेतंय गाडी," ती म्हणाली.

बाबलीने तिच्याकडे पाहिलं. ती नेणार हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तो पाना घेऊन उठला, आणि उजेड होता तेवढ्यात मागचं चाक काढून माळ्यावर चढवलं. पलीकडच्या अंगाला हात लावायला त्याने तिला बोलावलं नाही.

*

आज सकाळी प्रदक्षिणा आणि अध्याय आटोपून ती माळ्यावर चढली. चाक गवताच्या पेंढ्यांखाली होतं. बाजूला बाबलीच्या जुन्या सदऱ्यात एक पुरचुंडी होती. एक्सल, बुश, वायसर, नट, सगळं तेल लावून, काढलं त्या क्रमाने मांडून. काढलेली वस्तू काढल्या क्रमाने ठेव, म्हणजे शोधावी लागत नाही, हे पूजेची भांडी घासताना तिनेच त्याला शिकवलं होतं. शिकवलेलं तेवढं त्याने बरोबर उचललं होतं.

चाक शिडीवरून उतरवताना तिच्या दंडाची साल गेली. खळ्यात आणून लावून बघितलं तर ते मडगार्डखाली शिरेना, चार बोटं कमी पडत होती. आता बाबलीचा आवाज म्हणायचा, "आका, मी उचलतंय, तू पाट सरकव." उचलणारा नव्हता. पुढच्या चाकाला तिने दोन्हीकडून चिरे लावले. काथ्याने स्टँड घट्ट बांधला, नाहीतर उचलताच तो मिटून गाडी खाली बसली असती. मग घरातलं मुसळ आणलं, एका चिऱ्यावर टेकवून त्याचं टोक सांगाड्याखाली घातलं आणि दुसऱ्या टोकावर सगळं वजन टाकून बसली. गाडी कण्हत वर आली. पायाने पाट सरकवायचा होता. घरात मोठा पाट एकच, भाऊबीजेला ज्याच्यावर बाबलीला बसवायची तो. पहिल्या खेपेला तो तिरका गेला. दुसऱ्या खेपेला स्टँडचे दोन्ही पाय त्याच्यावर बसले. रंगवलेल्या कमळावर लोखंडाचा ओरखडा उठला तो तिने पाहिला, आणि पाहिला नाही असं केलं.

"सुगंधाबाय, काय गो ह्या? मुसळार बसून खंय चललंस?"

कुंपणापलीकडे शेजारीण तुळसा उभी होती, कमरेवर घागर घेऊन. तिच्या तोंडातून निघालेली गोष्ट घागर भरायच्या आत खालच्या वाडीत पोचत असे.

"खंय नाय. चाक बसवतंय."

"तू? आणि तुझो बाबली खंय मेलो?"

"रेडीक गेलो."

"मगे दत्तारामाक हाक मारतंय. बाबलीचोच दोस्त तो, गाडयेतला कळता तेका."

दत्ताराम आला की कालचं सगळं निघणार. चाक का काढलं, कुणी काढलं, गाडी कुणाला द्यायची ठरवली. तुळसा ते ऐकणार, आणि बाबली या गावात उभ्या जन्माचा चोर ठरणार. बुधवारी मुकादमासमोर तोंड उघडलं असतं तरी तेच झालं असतं. म्हणून तर हे आजच आणि एकटीने उरकायचं होतं. सुगंधा खाली बघत म्हणाली, "नको गो. माझो नेम आसा. एकटीनच करूचो."

तुळसाने घागर खाली ठेवून हनुवटीला बोट लावलं. "चाकाचो पण नेम? देवा रे! सोमवार झाले, एकादशी झाले, आता चाकमंगळवार! उद्यापनाक बोलव हां, वाणाक टायर वाटशीत." आणि हसत हसत ती विहिरीकडे गेली.

सुगंधाच्या जिभेवर ते वाक्य खारट होऊन राहिलं. काल भावाने तिचा नेम पुढे करून मुकादमाला फसवलं. आज तिने तोच पुढे करून तुळसाला परत पाठवलं. फरक होता, पण तो देवालाच सांगता आला असता.

ती कामाला लागली. चाक मडगार्डखाली शिरलं. एका गुडघ्याने ते तोलून धरत तिने आधी उजव्या अंगाचा बुश लावला, मग एक्सल. ब्रेकच्या झाकणाची खाच सांगाड्याच्या खुंटीवर बसेपर्यंत एक्सल पुढे जाईना. "थय जोर करू नको, चाक जरा फिरव, ता आपल्याआप बसता." तिने चाक जरा फिरवलं. टक् करून बसलं. एक्सल पलीकडे बाहेर निघाला, तसा तिच्या तोंडून "झाला रे" असं निघून गेलं, आणि पलीकडच्या अंगाला कुणी नव्हतं.

मग चेन. काळी, तेलकट, मातीत पडलेली. ती दात्यांवरून फिरवून दोन्ही टोकं जुळवली, जोडकडी घातली, वरची पट्टी बसवली. आता पट्टी निसटू नये म्हणून तिच्यावर एक बारीक चाप बसतो, नखाएवढा. तो पुरचुंडीत नव्हता. तिने सदरा झटकला. माळ्यावर जाऊन गवत चाळलं. खळ्याची माती बोटांनी विंचरली.

चाप कुठेच नव्हता, आणि मग ती शोधायची थांबली. ज्याने प्रत्येक वायसर क्रमाने मांडला तो चाप विसरणार नव्हता. तो त्याच्या खिशात होता, रेडीला. आका चाक शोधील, आका चाक बसवीलसुद्धा, इतपत त्याला ठाऊक होतं. एवढी ओळख ठेवून, एवढ्या मायेने, त्याने नेमकी तीच नखाएवढी वस्तू उचलली होती. काल मुकादमासमोर तो खोटं बोलला तेव्हाही तिला रडू आलं नव्हतं. आता तेलकट हात पदराला न लावता ती तशीच बसून रडली, आवाज न करता, जशी ती सगळंच करायची.

ढकलून न्यायला चेन लागत नाही. पण काकीने ढकललेली गाडी मागितली नव्हती. चालती, म्हणाली होती. वरसाला येणारा काकीचा पुतण्या गोव्याच्या पोलिसांत, असली फटफटी चालवणारा. तो लाथ मारील, आवाज होईल. चेन नसेल तर नुसता आवाज होईल आणि गाडी जागच्या जागी राहील.

उन्हं माडांच्या शेंड्यांवरून उतरायला लागली होती. सुगंधाने हातपाय धुतले, देवघरात गेली आणि हात जोडले. देवाला तिने काही मागितलं नाही, सांगितलं. मग टांगलेली घंटा खाली उतरवली. आतला लोळा पितळी तारेच्या दुहेरी वेटोळ्याने अडकवलेला होता. तिने ते वेटोळं पकडीने उलगडलं. लोळा हातात आला, तो तिने देवापुढच्या तबकात ठेवला. रिकामी घंटा परत टांगली. ती हलली, पण बोलली नाही.

खळ्यात येऊन तिने ती तार जोडकडीच्या दोन्ही खुंट्यांच्या खाचांतून आठाच्या आकड्यासारखी फिरवली, पकडीने पिळली, टोकं आत मुडपली. चेन खालून बोटाने उचलून पाहिली. दोन बोटं खेळ, जास्त नाही, कमी नाही. वातीसाठी काढलेलं सूत मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणून धरलं. मागचं चाक केसभर डावीकडे होतं. नट सैल करून, बुक्की मारून, पुन्हा सूत धरलं. दोन्ही टायरांना ते सारखं टेकलं. मग नट आवळले, पान्यावर उभी राहून, नाव घेत. शिव्या घालणारा नव्हता म्हणून नाव दुप्पट घेतलं. शेवटी ब्रेकची दांडी अडकवली आणि चाक हाताने फिरवलं. पितळेची तार एका जागी चमकत फिरत राहिली, पुढे गेली, परत आली.

मुसळाने गाडी पुन्हा उचलून तिने पाट काढला. धुऊन, पुसून, नेहमीच्या जागी भिंतीला टेकवला. कमळावरचा ओरखडा बाहेरच्या बाजूला आला. तो तिने तसाच बाहेर राहू दिला.

बाबली उद्या ट्रकबरोबर येईल. येताना उपाशीच असेल, तो भुकेलाच यायचा. तिने भात शिजवून झाकून ठेवला, वर सोलकढीची वाटी. तुळशीपाशी दिवा लावला, एक प्रदक्षिणा जास्त घातली. ती कशाबद्दल, ते तिचं तिला नीट सांगता आलं नसतं. दाराला कुलूप घालून किल्ली तुळशीच्या वृंदावनात ठेवली, जिथे बाबली लहानपणापासून हात घालतो.

मग पदर खोचून तिने स्टँडला बांधलेला काथ्या सोडला, चिरे पायाने बाजूला केले. गाडी स्टँडवरून पुढे घसरली आणि दोन्ही चाकांवर उभी राहिली. तिचं सगळं वजन एकदम सुगंधाच्या कुशीकडे झुकलं, तसं तिने ते कमरेवर घेतलं, पाय रोवले आणि हँडलचा दांडा वरच्या वाडीच्या पाणंदीकडे वळवला.

कुंपणापाशी तुळसाने विचारलं, "गो, काळोख पडतलो. खंय चललंस?"

"काकीकडे," सुगंधा म्हणाली, "माझो नारळ रवलो थय," आणि ढकलू लागली.